ह्युएन त्संगच्या आईचं पत्र

परदेशांतल्या मराठी मंडळांत मुलांची नाटकं बसवणाऱ्या, रविवारचे मराठी वर्ग चालवणाऱ्या आणि नावनोंदणीचे फॉर्म तयार करणाऱ्या सगळ्या काका-काकूंना, मावश्यांना आणि दादा-तायांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर एकाच माणसाला लिहायचं होतं. लिहायला बसले आणि लक्षात आलं, की त्या बिचाऱ्याने जे केलं ते तुमच्यापैकी कुणीही केलं असतं, आणि तेही कौतुकाने. म्हणून त्याचं नाव नाही, त्याच्या मंडळाचंही नाही. वाचलं तर त्याला कळेलच. त्याच्या घरचे तळणीचे मोदक मी गेली सहा वर्षं खाते आहे आणि यंदाही खाणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

झालं ते असं. गणपतीतल्या कार्यक्रमासाठी मुलांचं नाटुकलं ठरलं. महाराष्ट्राचा इतिहास, सातवाहनांपासून शिवराज्याभिषेकापर्यंत, चाळीस मिनिटांत. आमच्या थोरलीला पंधरावं लागलंय. तिला पुलकेशीचं काम हवं होतं. दुसरा पुलकेशी, बदामीचा चालुक्य राजा, ज्याने उत्तरेतल्या हर्षवर्धनाला नर्मदेपाशी अडवलं. मुकुट, तलवार, दोन पानी भाषण. ते भाषण तिने आठवडाभर न्हाणीघरात म्हणून म्हणून पाठ केलं होतं. तालमीच्या पहिल्या दिवशी काका तिच्याकडे बघून एकदम खुलले आणि म्हणाले, "अगं, तू तर आमची ह्युएन त्संग! मेकअपचासुद्धा खर्च नाही!"

सगळे हसले. मीही हसले. अशा वेळी हसायची मला सवय आहे.

थोरलीचे बाबा सिंगापूरचे, तेओच्यू बोलणाऱ्या चिनी घरातले. मी सोलापूरची. आम्ही सिंगापुरातच टोआ पायोला राहतो, सासूबाईंसकट. मुलं त्यांना आ-मा म्हणतात, माझ्या आईला आजी. घरात इंग्रजी, मराठी, तेओच्यू आणि शाळेतली मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, अशा चार भाषा एकमेकींच्या पायात येत असतात. सोलापुरात वाढलेल्या बाईला त्याचं काही वाटत नाही. आमच्या गल्लीत हातमागवाले तेलुगू बोलायचे, भाजीवाली कन्नड आणि भांडणं मराठीत व्हायची.

काकांची बाजू मला कळते. ह्युएन त्संग काही लहान माणूस नाही. सातव्या शतकात चीनमधून निघून वाळवंट आणि बर्फाचे डोंगर ओलांडत तो भारतात आला, वर्षानुवर्षं इथे हिंडला आणि ६४१ च्या सुमारास पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला. 'मो-हो-ला-छा' असं त्याने आपल्या मुलखाचं नाव नोंदवलं. इथली माणसं साधी आणि मानी आहेत, उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत आणि अपमान करणाऱ्यालाही विसरत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलं. महाराष्ट्राबद्दल बाहेरच्या माणसाने लिहिलेलं इतकं जुनं आणि इतकं नेमकं वर्णन आपल्याकडे क्वचितच असेल. त्यामुळे नाटुकल्यात तो हवाच, याबद्दल माझा वाद नाही.

पण काम काय होतं ते बघा. रंगमंचावर यायचं, "अहो, किती शूर हे लोक, किती मानी!" असं म्हणायचं, वही मिटायची आणि विंगेत जायचं. सहा वाक्यं.

परतताना ट्रेनमध्ये थोरली म्हणाली, "आई, म्हणजे माझं काम काय, तर बाहेरून यायचं, तुमचं कौतुक करायचं आणि निघून जायचं." तिने 'तुमचं' म्हटलेलं मी तेव्हाच ऐकलं. इतके दिवस ती 'आपलं' म्हणायची.

गंमत अशी, की त्या तालमीत ह्युएन त्संगला सगळ्यांत जवळून ओळखणारी तीच होती. आ-माच्या गोष्टींमध्ये तो लहानपणापासून आहे, माकडराजाला बरोबर घेऊन पोथ्या आणायला पश्चिमेकडे निघालेला भिक्षू म्हणून. तो पुढे आजीच्या सोलापूरकडच्या मुलखात पोचला होता, हे मी सांगितलं तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता! तोच माणूस तिच्या वाट्याला शिक्षेसारखा आला. आणि पुलकेशीची बदामी आज बागलकोट जिल्ह्यात, कर्नाटकात. त्या राजाला आपला म्हणताना आपण एका क्षणाचाही विचार करत नाही, करूही नये. मग टोआ पायोच्या मुलीलाच तिचं गाव विचारायची पाळी का यावी?

इथल्या सरकारचंही सांगते, कारण तुमच्यातले बरेचजण म्हणतात की ही भानगड सरकारी कागदांनी केली. काही अंशी केली. सिंगापुरात प्रत्येकाच्या जन्मदाखल्यावर आणि ओळखपत्रावर वंश लिहिलेला असतो: चिनी, मलय, भारतीय किंवा इतर. पूर्वी एकच लिहायचा. २०११च्या जानेवारीपासून मधे आडवी रेघ देऊन दोन लिहिता येतात. आमची थोरली त्याच वर्षी झाली. खिडकीपलीकडच्या बाईंनी अगदी सौजन्याने विचारलं, "पुढे कोणता लिहू?" कारण हिशेबात धरला जातो तो पुढचा. सरकारी घरांच्या प्रत्येक इमारतीत कोणत्या वंशाची किती कुटुंबं असावीत याचं प्रमाण इथे १९८९पासून ठरलेलं आहे, आणि त्यात रेघेच्या अलीकडचाच शब्द मोजतात. आम्ही 'चायनीज-इंडियन' लिहिलं. त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं, उद्या घर घ्यायचं-विकायचं झालं तर सोपं जावं एवढाच विचार. दर महिन्याला नवऱ्याच्या पगारातून चिनी समाजाच्या निधीला थोडे डॉलर जातात आणि माझ्या पगारातून सिंडाला, म्हणजे भारतीयांच्या निधीला. एकाच पलंगावर झोपणाऱ्या दोघांची ही दोन खाती.

शाळेत 'मातृभाषा' हा सक्तीचा विषय आहे. चिनी, मलय, तमिळ; शिवाय भारतीय मुलांना हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी किंवा उर्दू घेता येते. मराठी त्या यादीत नाही. आमच्या मुलीची कागदोपत्री मातृभाषा मँडरिन. ती तिच्या आईची नाही, आजीची नाही, आणि नीट पाहिलं तर आ-माचीही नाही, कारण आ-माला तेओच्यू येते आणि मँडरिन बातम्यांपुरती. तेव्हा यादीबाहेर राहणं म्हणजे काय, हे त्या घरात एकट्या मलाच कळतं असं नाही.

दरवर्षी २१ जुलैच्या सुमारास शाळांमध्ये वंशसलोख्याचा दिवस असतो. १९६४ साली त्या तारखेला इथे दंगल झाली होती, तिची आठवण म्हणून. मुलांनी आपापला पारंपरिक पोशाख घालून यायचं. दुसरीत असताना थोरलीने चिनी पद्धतीचा लाल छिपाओ घातला आणि नाकात माझी मोत्याची नथ, चापाची. बाईंनी विचारलं, "यातलं तुझं कोणतं?" तिने सांगितलं, "नथ आईची आहे, कपडे दुकानातले आहेत." मला अजून ते उत्तर फार आवडतं. आ-मांना एवढीच काळजी, की नाक दुखेल.

मोठ्या पातळीवर हाच प्रश्न २०१७मध्ये आला. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्या वर्षी मलय उमेदवारांसाठी राखीव होती आणि हलीमा याकोब बिनविरोध निवडून आल्या. त्यांचे वडील भारतीय मुसलमान, आई मलय. त्या पुरेशा मलय आहेत का, यावर तेव्हा कॉफीच्या दुकानांपासून टॅक्सीपर्यंत सगळीकडे चर्चा. अखेर एका समितीने तसं प्रमाणपत्र दिलं. आमचे हे तेव्हा म्हणाले, "आपल्या मुलीला प्रमाणपत्र द्यायला दोन समित्या लागतील." आ-मा म्हणाल्या, तिला आधी गणिताचं मिळू दे.

सांगायचं ते हे, की सरकारने निदान रेघ तरी दिली. तुमच्या फॉर्मवर ती नाही. 'मूळ गाव' आणि 'वडिलांचे आडनाव' असे रकाने आहेत. माझ्या बाबतीत दोन्ही मिळून 'सोलापूर' आणि 'तान' असं होतं, आणि मग फॉर्म घेणाऱ्या ताई हळूच विचारतात, "हे बरोबर आहे ना?"

आता मुद्द्याचं. तुम्ही वाईट वागता असं मला म्हणायचं नाही. वाईट वागणारे वेगळे, त्यांची पारख मला आहे. गलवाननंतरच्या दिवाळीत नात्यातल्या एका काकांनी फोनवर माझ्या धाकट्याला, एवढ्याशा पोराला, "काय रे चायना माल, टिकणार का?" असं विचारलं होतं. त्याला ते विनोद वाटलं, त्याने बाबांना इंग्रजीत भाषांतर करून सांगितलं. आणि दुसऱ्या बाजूला आ-मांच्या एका बहिणीने माझ्या मुलीला 'केलिंग' म्हटलं आहे. कलिंग देशावरून आलेला हा जुना शब्द, आता इथे शिवीच्या जवळ जाऊन बसला आहे. आ-मांनी त्या बहिणीशी नव्या वर्षाचे दोन सण बोलणं टाकलं होतं. हे सगळं मी सहन करू शकते, कारण त्याला उत्तर देता येतं.

तुमच्या कौतुकाला उत्तर देता येत नाही.

"अय्या, मराठी बोलते ही!" हे वाक्य माझ्या मुलीने किती वेळा ऐकलं असेल याचा अंदाज करा. प्रत्येक गणपतीत, प्रत्येक संक्रांतीच्या हळदीकुंकवात, दर वर्षी त्याच माणसांकडून. पहिल्यांदा आश्चर्य वाटणं स्वाभाविक आहे. दहाव्या वर्षी तीच मावशी तशीच चकित होते, तेव्हा मला प्रश्न पडतो की मधल्या नऊ वर्षांत हिने पोरीला पाहिलं तरी काय? शेजारी उभ्या असलेल्या, अस्सल पुणेकर आई-बाबांच्या मुलाला "ते दादा गेला" म्हणताना कुणी टाळ्या देत नाही, आणि कुणी चूकही काढत नाही, कारण तो आपलाच आहे, शिकेल. पाहुण्याने भाकरी खाल्ली की आपल्याला कौतुक वाटतं. घरच्याने खाल्ली तर आणखी एक वाढतो, किंवा ताटात टाकली म्हणून रागावतो.

तशाच चालीवर एक प्रश्न येतो, तिच्या डोक्यावरून मला विचारला जाणारा: "अर्धी मराठी ना ही?" सोलापूरला गेलो होतो तेव्हा शेजारणीने हाच प्रश्न माझ्या आईला विचारला. आई शेंगा भाजत होती. वर न बघता म्हणाली, "अर्धी कसली, चांगली दीडशहाणी आहे." थोरलीला तो शब्द इतका आवडला की तिने तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. मराठीत पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच अशी एवढी मापं असताना या मुलांसाठी आपल्याला कायम अर्धंच का सुचावं, कोण जाणे.

माझ्या गावचं एक नाव तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक. बाकीचे परत आले, हे राहिले. रणभूमीवर जखमींच्या शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२च्या डिसेंबरात, वयाच्या ३२व्या वर्षी तिथेच गेले. सोलापुरात त्यांचं स्मारक आहे, शाळेत असताना आम्हाला त्यांच्यावर निबंध असायचा. चीनमध्ये शिच्याच्वांगला त्यांची समाधी आहे, तिथे आजही फुलं वाहतात. दोन्ही देशांचं वाजलं की दोन्हीकडचे पुढारी त्यांचं नाव काढतात.

त्या निबंधात एक ओळ असायची, की त्यांनी तिथल्या परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. तिथे निबंध संपायचा. त्यांना एक मुलगा होता. वडील गेले तेव्हा तो जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता. त्याचं नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. पुढे कोण, हा खिडकीवरचा प्रश्न त्या नावात परस्पर सुटला होता. वैद्यकीय शिक्षण घेत असताना, पंचविशी गाठायच्या आतच, १९६७ मध्ये तो वारला. सोलापूरचं रक्त असलेला एक मुलगा उत्तर चीनमध्ये वाढला, शिकला, गेला, आणि सोलापुरात शिकूनही मला त्याचं नाव लग्नानंतर, आ-मांच्या एका जुन्या चिनी मासिकात सापडलं. नवऱ्याने वाचून दाखवलं. मी तेव्हा पोटुशी होते. ती संध्याकाळ मला अजून आठवते, बाहेर पाऊस आणि आमच्या ताटात आ-मांची पातळ भाताची पेज.

(ती पेज आणि तिच्याबरोबर शेंगदाणे हा तेओच्यू लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नाश्ता. आईने पाठवलेली सोलापुरी शेंगा चटणी आ-मांनी पहिल्याच दिवशी तिच्यावर घातली आणि आजतागायत त्यांचा डबा वेगळा येतो. आमच्या लग्नाबद्दल दोन्ही घरांत जे काही बोलायचं राहिलं होतं, ते त्या चटणीने मिटवलं असं मी म्हणणार नाही, पण तिखटामुळे थोडा वेळ सगळे गप्प बसले एवढं खरं.)

कोटणीसांचा अभिमान बाळगायचा आणि यिनहुआचं नाव माहीत नसायचं, हे मला आपल्या मंडळांचंच चित्र वाटतं. मराठी माणूस बाहेर गेला, नाव काढलं, तिथल्याच मुलीशी वा मुलाशी लग्न केलं, इथवर आपल्याला गोष्ट आवडते. त्याची मुलं आली की आपण चाचपडतो. आणि ही मुलं आता थोडी नाहीत. या शहरात दर पाच-सहा लग्नांमागे एक लग्न वेगवेगळ्या वंशांतल्या माणसांचं असतं. तुमच्या पुढच्या पिढीच्या यादीत तान, लिम, सातो, न्गुयेन ही आडनावं येणारच आहेत. काही जण आत्ताच दारात उभे आहेत, आणि फॉर्म घेणाऱ्या ताई विचारताहेत, "हे बरोबर आहे ना?"

मराठी वर्गाचंही बोलते, कारण तिथे मला दोनदा नकार मिळालाय, दोन्ही वेळा गोड शब्दांत. "बाबा घरी मराठी बोलत नाहीत, मग मुलीला जड जाईल." अहो, ज्या घरांत बाबाही मराठी आणि आईही मराठी, त्या किती घरांत जेवताना मराठी ऐकू येतं? आमच्याकडे मी एकटीच बोलणारी, म्हणून मला एक दिवसही सुट्टी घेता येत नाही. ताप असला तरी मी मराठीत कण्हते.

मला हवंय ते फार नाही. फॉर्मवरचा 'वडिलांचे आडनाव' हा रकाना काढून 'नाव' असा एकच ठेवा. वर्गाला प्रवेश देताना मुलाला विचारा, बाबांना नको. नाटकात कामं वाटताना डोळे मिटा आणि संवाद म्हणून घ्या; ज्याचा आवाज पोचतो तो राजा. ह्युएन त्संग कुणी व्हायचं असेल तर एखाद्या देशस्थाच्या गोऱ्या-गोमट्या मुलाला करा की, त्याचाही मेकअप होऊ दे. आणि मुख्य म्हणजे कौतुक थांबवा. माझी मुलगी चुकली तर तिची चूक काढा. तिला 'ळ' आणि 'ल' यांत अजून गोंधळ होतो, 'केळं'चं 'केलं' होतं. तुमच्या मुलांचंही होतं, पण त्यांना तुम्ही डोळे वटारता. माझ्या मुलीला हसून म्हणता, "गोड वाटतं गं!" असं म्हणून तुम्ही तिला दारातच उभी ठेवता. एखादी आत्या जोरात म्हणाली असती, "नीट म्हण गं, 'ळ' जड जातो का जिभेला?" तर थोरली रडली असती, दार आपटून खोलीत गेली असती, आणि आत जाऊन शंभरदा 'केळं' म्हणाली असती. मी तिला ओळखते.

ट्रेनमधल्या त्या दिवसाचं थोडं राहिलं. टोआ पायो आलं, आम्ही उतरलो. सरकत्या जिन्यावर तिने मला विचारलं, "तो ह्युएन त्संग काय म्हणाला होता? हे लोक अपमान विसरत नाहीत ना?" मी म्हटलं, "हो." "मग काकांना सांग," ती म्हणाली, "मी विसरलेली नाही. त्याच्या नोंदीप्रमाणे मी मराठीच ठरते."

मी अजून काकांना सांगितलेलं नाही. हे पत्र म्हणजे तेच सांगणं, असं समजा. पुलकेशीचं काम आता दुसऱ्या मुलाला दिलं आहे आणि तो चांगलं करतो, त्याच्याकडून काढून घेऊ नका. थोरलीने ह्युएन त्संग स्वीकारलाय, पण सहा वाक्यांना सातवं जोडायची तिची अट आहे. ते काय आहे ते तिने मलाही सांगितलेलं नाही. रविवारी चार वाजता ती तालमीला येईल. त्या सातव्या वाक्यात 'ळ' असेल आणि तो चुकला, तर तिथेच सगळ्यांसमोर थांबवा आणि पुन्हा म्हणायला लावा.

आपली,
टोआ पायोची एक सोलापूरकरीण